माळेगावची यात्रा आणि संगीताचा अभ्यासक्रम

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशाला लोहा सोडल्यावर माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तेथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवे, बैल ह्यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, वाघ्या-मुरळीचे जागरण, पोतराज, तमाशाचे तंबू असा हा जुना मेळा आहे. नांदेड जिल्हा परिषद तेथे लावणी महोत्सवही भरविते. व्यासपीठावर लोकप्रतिनिधी बसतात, मानपत्रे दिली जातात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. ह्याच रस्त्याच्या एका टोकाला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि दुसऱ्या टोकाला लातूरची महाविद्यालये आहेत. दोन्हीकडे संगीत हा विषय शिकविला जातो. परंतु ज्या स्त्रिया माळेगावच्या मांडवात गातात त्यांचे गाणे, त्यांचे श्रम, त्यांची मिळकत आणि त्यांच्या वाट्याला येणारी बेअब्रू ह्यांचा संगीताच्या अभ्यासाशी काही संबंध आहे, असे आपल्या संगीतविषयक अभ्यास मंडळांना आणि प्राध्यापकांच्या परिषदांना अजून वाटलेले दिसत नाही. स्त्रीपुरुषभेदाची सामाजिक घडण, म्हणजे ज्याला आता लिंगभाव म्हणतात ती, आणि लैंगिकता ह्या दोन गोष्टी संगीताच्या शास्त्रीय अभ्यासात आणाव्यात, ही मागणी ह्या अनास्थेतून निघाली आहे. ती थोडी सविस्तर तपासून पाहण्याजोगी आहे.

संगीताच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा साचा महाराष्ट्रात सर्वत्र साधारण एकच आहे. राग, ताल, बंदिशी. भरत, मतंग, शार्ङ्गदेव. पुढे भातखंडे आणि पलुस्कर. घराणी आणि त्यांची वैशिष्ट्ये. काही थोर कलावंतांची चरित्रे. शेवटी लोकसंगीताचे एक प्रकरण, त्यात लावणी, पोवाडा, भारूड, गोंधळ ह्यांच्या व्याख्या आणि तालाचे बोल. विद्यार्थी लावणीचा ठेका सांगू शकतो. ती कोण गाते, कोणत्या जातीची स्त्री गाते, गाण्याचे पैसे कोणाच्या हाती पडतात आणि गाणाऱ्या बाईला गावात घर भाड्याने मिळते की नाही, हे प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. ते समाजशास्त्राचे म्हणून सोडून दिले जातात. समाजशास्त्राचे लोक संगीत येत नाही म्हणून ढोलकीपाशी थांबतात. मधल्या मोकळ्या जागेत ती बाई उभी असते.

वस्तुतः ह्या प्रश्नाची सुरुवात शोधायला मराठवाड्याबाहेर जाण्याची गरज नाही. संगीतशास्त्राचा जो ग्रंथ उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही पद्धती प्रमाण मानतात तो ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव हा सिंघण राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. (अर्थशास्त्राच्या लोकांनी ह्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.) त्याने गायकाचे गुणदोष बारकाईने नोंदविले आहेत. गायिकेकडे वळताना तो म्हणतो की तिचे गुण गायकासारखेच समजावेत. मात्र रूप आणि यौवन ही तिच्या बाबतीत वरची अट. सातशे-आठशे वर्षांपूर्वी एका काटेकोर हिशेबनिसाने लिहून ठेवलेली ही नोंद आजही आकाशवाणीच्या आवाज-चाचणीत लागू नसेल. पण दूरचित्रवाणीच्या गायन-स्पर्धेत, मंगल कार्यालयातल्या ‘ऑर्केस्ट्रा’त आणि शहरातल्या मैफलीच्या जाहिरातीत ती चालू आहे. म्हणजे संगीतशास्त्रात लिंगभावाचा विचार नव्हता असे नाही. तो होता, फक्त तो तपासला जात नव्हता.

‘सुरांना लिंग नसते’ असे एक वाक्य ह्या विषयावर बोलणे निघाले की हमखास ऐकू येते. ऐकायला ते उदात्त आहे. पण पुरुषाचा षड्ज काळी एक आणि बाईचा काळी चार किंवा पाच, ही पेटीवरची विभागणी रोजच्या शिकवणीत असते, आणि तीत शरीररचनेचा भाग किती व रुढीचा किती हा अभ्यासाचाच विषय आहे. अब्दुल करीम खाँ चढ्या पट्टीत गात. त्यांच्या पुरुषत्वाबद्दल कोणी शंका घेतली नाही. गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरच्या उपचारानंतर खर्जाकडे झुकला, आणि मग आयुष्यभर त्यांच्या गायकीच्या आधी त्यांच्या ‘मर्दानी’ आवाजाची चर्चा झाली. चित्रपटसंगीतात लता मंगेशकरांचा तार सप्तकातला निर्मळ आवाज हाच भारतीय स्त्रीचा आवाज म्हणून स्थिर झाला, आणि जाड, मोकळ्या, जत्रेत लांबवर पोहोचणाऱ्या आवाजाच्या बाया हळूहळू खलनायिकेच्या गाण्यापुरत्या उरल्या. वाद्यांचीही अशीच वाटणी आहे. तानपुरा बाईच्या हाती शोभतो आणि तबला पुरुषाच्या, ही समजूत इतकी घट्ट होती की आबान मिस्त्री ह्यांनी एकल तबलावादन केले आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला, तरी ‘स्त्री असूनही’ हे दोन शब्द त्यांच्या नावामागे राहिलेच.

घराण्यांचा इतिहास हे तर पितृसत्तेचे वंशवृक्षच. किराणा घराण्याची परंपरा सांगताना अब्दुल करीम खाँ ह्यांचे नाव प्रथम येते आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याशी संसार केलेल्या, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने १९२२ च्या सुमारास मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली, त्यांना वाढविले, उभे केले. त्यातूनच हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे हे गायक महाराष्ट्राला मिळाले. हिराबाईंनी गाणाऱ्या स्त्रीला तिकीट लावून, गृहस्थी पोशाखात, जाहीर सभागृहात बसविले. मराठी गाण्याच्या इतिहासातली ती एक क्रांती होती, असे सर्वजण मानतात. पण त्या क्रांतीमागे एका एकट्या आईची जी अर्थव्यवस्था होती तिला घराण्याच्या तक्त्यात रकाना नाही. वडिलांच्या नावाने गाणे चालते आणि आईच्या कष्टाने ते टिकते. संगीताच्या पाठ्यपुस्तकात मात्र पहिल्याचीच नोंद होते.

ह्या शतकभराच्या घडामोडीकडे जरा कोरडेपणाने, मालमत्तेच्या हस्तांतराच्या दृष्टीने पाहिले तर बरेच उलगडते. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९१६ साली बडोद्याला भातखंडे ह्यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. संगीत कुलीन घरांत यावे, मुलींनी ते निर्भयपणे शिकावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो मोठ्या प्रमाणात सफलही झाला. आज गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या नांदेड-लातूरच्या मुली ह्या त्या सुधारणेच्याच वारसदार आहेत. परंतु गाणे ज्यांचे वंशपरंपरागत उपजीविकेचे साधन होते त्या कलावंतिणी, नायकिणी, तवायफा ह्यांच्याकडून बंदिशी घेतल्या गेल्या आणि त्यांना मात्र दाराबाहेर ठेवले गेले. जानकी बखले ह्यांच्या २००५ मधील ग्रंथाने भातखंडे-पलुस्करांच्या कार्याची ही दुसरी बाजू मांडली आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना आकाशवाणीचे दार बंद झाले. पुरुष गायकांच्या खाजगी जीवनाची अशी चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. प्रतिष्ठा हे एक भांडवल असते. ते एका वर्गाकडून काढून दुसऱ्या वर्गाकडे दिले गेले आणि ह्या व्यवहाराला ‘संगीताचा उद्धार’ असे नाव मिळाले.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीत अठराव्या शतकाच्या अखेरीस माह लका बाई चंदा ही कवयित्री-गायिका होऊन गेली. उर्दू गझलांचा स्वतंत्र दिवाण सिद्ध करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. तिला जहागीर होती, दरबारात स्थान होते. मराठवाड्याचा सांस्कृतिक इतिहास सांगताना मात्र ही बाई कोणाच्या बाजूने उभी करावी हे कोणालाच कळत नाही, म्हणून तिला वगळले जाते.

आता समाजवादी चळवळीने थोडे स्वतःकडेही पाहावे. ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. वसंत बापटांपासून निळू फुले, राम नगरकर ह्यांच्यापर्यंत किती गुणी माणसे त्यातून आली! साध्या, गरीब माणसाच्या रंगभूमीला चळवळीने विचार दिला. अण्णा भाऊ साठे ह्यांनी तमाशाचे लोकनाट्य करताना गण बदलला, गवळण गाळली आणि कामगाराला मध्यभागी आणले. जाती-वर्गाच्या दृष्टीने ती मोठी उडी होती. परंतु गवळण गाळली म्हणजे काय गाळले? त्या भागातला अश्लील विनोद गेला हे खरेच. पण तमाशात बाईला गायला, नाचायला आणि मावशीच्या तोंडाने का होईना, पुरुषाला उत्तर द्यायला जी जागा होती तीही गेली. पुढे स्वच्छ केलेल्या लोकनाट्यांत मध्यमवर्गीय घरांतल्या मुली नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या ज्या स्त्रियांकडून ती अदा आणि तो ठेका आला होता त्या होत्या तिथेच राहिल्या. शर्मिला रेगे ह्यांनी १९९५ साली लावणी-कलावंतांवरच्या निबंधात ही गोष्ट नेमकी पकडली होती: लावणी उचलली जाते आणि लावणीवाली टाकली जाते. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात बसून त्यांनी हे लिहिले. संगीताच्या विभागांत त्याची चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि रेगे २०१३ साली गेल्या.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांची कथा महाराष्ट्रात भक्तिभावाने सांगितली जाते. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणारे ‘केवढी ही कलानिष्ठा’ म्हणून माना डोलावतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ह्या कथेत कलानिष्ठेच्या आधी प्रसूती रजेचा अभाव दिसला पाहिजे. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा आहे. १९७३ साली तो घोडेस्वारी, कसरती व तत्सम खेळ करणाऱ्या आस्थापनांनाही लागू झाला. तमाशाचा फड त्या व्याख्येत बसतो की नाही, आणि बसत असेल तर कोणत्या फडमालकाने तो पाळला, एवढा एकच प्रश्न एका चांगल्या प्रबंधाला पुरेल. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव मिळाला. २००२ च्या जानेवारीत त्या हलाखीत वारल्या. त्यानंतर शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. संगीत बारीच्या थिएटरात थिएटरमालक आणि पार्टी ह्यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी होते, दौलतजादा कोणाच्या पदरी पडते, घरातली किती माणसे एका नाचणाऱ्या मुलीवर अवलंबून असतात, हे किशोर शांताबाई काळे ह्यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये १९९४ सालीच लिहून ठेवले आहे. भूषण कोरगावकर ह्यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ चे. ही दोन्ही पुस्तके संगीत विभागाच्या ग्रंथालयात किती ठिकाणी सापडतील, हे प्राध्यापकांनी आपापल्या कपाटात पाहून सांगावे.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी ह्यांच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या स्त्रियांना तो लाजिरवाणा धंदा सोडण्याचे आवाहन केले. पवळाबाईच्या तमाशाचा पैसा त्यांनी चळवळीसाठी नाकारल्याची आठवण आजही सांगितली जाते. त्यांची भूमिका समजून घेतली पाहिजे: ज्या कलेत दलित स्त्रीचे शरीर वरच्या जातींच्या करमणुकीसाठी मांडले जाते तिला कला म्हणून गौरविणे ही त्या गुलामगिरीवरची फुले होत. विद्यापीठाने माळेगावला जाऊन मुरळीचे गाणे ध्वनिमुद्रित करून आणावे, त्यावर शोधनिबंध वाचावेत आणि मुरळी होती तशीच राहावी, असे घडणार असेल तर बाबासाहेबांचा आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो. देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला. प्रथा जावी हे निर्विवाद. पण प्रथा जाताना त्या बाईचे गाणे, तिचा हक्क आणि तिची भाकरी ह्यांचे काय करायचे, ह्याचे उत्तर कायद्याने दिलेले नाही आणि सुधारकांनीही पुरेसे दिलेले नाही. शैलजा पाईक ह्यांनी २०२२ मधील आपल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या संदर्भात हाच पेच मांडला आहे. अश्लीलतेचा शिक्का जातीनेच कसा मारला जातो, आणि त्या शिक्क्याखाली जगताना ह्या स्त्रिया माणूसपण कसे मिळवू पाहतात, हे त्यांनी दाखविले. २०२४ साली त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी अभिनंदनाचे अग्रलेख लिहिले. पुण्यात वाढलेल्या आणि मराठी साधनांवर काम करणाऱ्या ह्या संशोधिकेचा ग्रंथ मराठवाड्यातल्या संगीताच्या वर्गात वाचला जाणे हे अभिनंदनापेक्षा अधिक उपयोगाचे झाले असते.

लैंगिकतेचा प्रश्न निघाला की सभेत एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. हा पाश्चात्त्य फॅशनचा विषय आहे, असे त्या शांततेत कोणीतरी म्हणते. पाश्चात्त्य जगात त्यावर काम झाले आहे हे खरे. एलेन कॉस्कॉफ ह्यांनी संपादित केलेला स्त्रिया व संगीत ह्यांवरील ग्रंथ १९८७ चा, सुझन मॅक्लेरी ह्यांचे बहुचर्चित पुस्तक १९९१ चे, आणि अमेरिकेच्या संगीतशास्त्र परिषदेत समलिंगी अभ्यासकांचा स्वतंत्र गट १९८९ साली निघाला. तेथेही सुरुवातीला कुत्सित हसणे झालेच. परंतु मराठी माणसाने हा विषय परका म्हणावा हे नवलच म्हटले पाहिजे. पुरुष कीर्तनकार गवळणीत गोपी होतो. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात पुरुष सासुरवाशीण होऊन गाऱ्हाणे सांगतो. नांदेड विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला जात्यावर बसविते आणि वारकरी त्याला विठाई म्हणतात. बालगंधर्वांनी दोन पिढ्यांच्या मराठी स्त्रियांना शालू कसा नेसावा आणि लाजावे कसे हे शिकविले. ह्या सगळ्यात लिंगभावाची जी ये-जा आहे ती महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली आहे. जे चालले नाही ते एवढेच, की रंगमंचावरून उतरल्यावर कोणी तसे जगावे. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या रंगविला आणि त्याची किंमत त्यांच्या संसाराला लोकांच्या कुजबुजीने मोजावी लागली. ते विवाहित गृहस्थ होते, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागे. आणि नसते तर? तो प्रश्न विचारायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा तृतीयपंथीयांविषयीचा आणि ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ विषयीचा निकाल यावा लागला.

समाजवाद्यांना ह्याचे आश्चर्य वाटण्याचे तर मुळीच कारण नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयांवर शास्त्रीय बुद्धीने लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. नव्वद वर्षांनंतर तो संगीताच्या अभ्यास मंडळाने मानला तर फार घाई झाली असे कोणी म्हणणार नाही.

मराठवाड्यात पाणी नाही, नोकऱ्या नाहीत, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत; अशा प्रदेशात हे चोचले कशाला, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो बहुधा प्रामाणिक माणसेच घेतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. (त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, आणि तेथलेच तानपुरे मराठवाड्यातल्या घरांत वाजतात. लातूरचे मिरजेशी असलेले ऋण असे दुहेरी आहे.) पण ती घागर कोण भरत होते? दुष्काळाची, बाजाराची, सासरची, बाळंतपणाची जी हकीकत सरकारी टिपणांत नाही ती जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी पुण्याच्या संस्थेमार्फत ह्या ओव्या जमविल्या. लाखावर ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांवर स्त्रिया, आणि प्रत्येकीचे नाव-गाव लिहिलेले. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हे सर्व आज सर्वांना ऐकण्यासाठी खुले आहे. डॉ. अशोक रानडे ह्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रातून आणि नंतरही, कलासंगीत ही संगीताची केवळ एक कोटी आहे, हे आयुष्यभर सांगितले. तरीही ओवी हा प्रकार ‘लोकगीत’ म्हणून दोन ओळींत उरकला जातो. गिरणी आल्यावर जाते गेले, आणि त्याबरोबर पहाटे एकटीने गाण्याची स्त्रीची जागाही गेली. तिच्याऐवजी काय आले, भजनी मंडळ, भीमगीत की मोबाईल, ह्याचा शोध नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनी घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा? एवढे संशोधन करायला ना प्रयोगशाळा लागते ना परदेशी निधी. विद्यार्थिनींच्या आज्या अजून हयात आहेत, ही सवलत मात्र फार वर्षे मिळणार नाही.

वर्गाबाहेरचाही एक भाग आहे. संगीताचे शिक्षण बरेचसे घरगुती खोलीत, बंद दाराआड, एका गुरूच्या मर्जीवर चालते. गेल्या काही वर्षांत मध्य भारतातील ध्रुपदाच्या एका गुरुकुलाबाबत आणि चेन्नईच्या एका नामांकित संस्थेबाबत विद्यार्थिनींनी उघडपणे तक्रारी केल्या, तेव्हा प्रथम दुखावली ती ‘गुरुपरंपरा’. विद्यार्थिनी नंतर आठवल्या. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान आस्थापनांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती. म्हणजे नांदेड आणि लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांत घरगुती शिकवणीच्या विद्यार्थिनीने जायला एक दार कायद्याने ठेवले आहे. ते कोठे आहे, हे संगीताच्या किती वर्गांत भिंतीवर लिहिलेले असते? महाविद्यालयांच्या समित्या कागदावर आहेत; खाजगी वर्गांच्या संघटनांनी आणि संगीत मंडळांनी तो विषय कार्यक्रमपत्रिकेवरसुद्धा घेतलेला नाही. गुरूच्या पायांशी बसणे आणि गुरूच्या दयेवर असणे ह्यांतला फरक शिकविणे हाही संगीताच्या अभ्यासाचाच भाग मानला गेला पाहिजे. हा फरक धर्माच्या क्षेत्रातही सुटलेला नाही. अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये स्त्रियांना कीर्तनाची संधी द्यावी, असा ठराव पंजाब विधानसभेने नोव्हेंबर २०१९ मध्ये केला. पंजाबात त्यावर वाद झाला. तख्त असलेल्या नांदेडात त्यावर निदान एक परिसंवाद व्हायला हरकत नव्हती.

विद्यापीठाने करावे असे फार मोठे काही नाही. पदव्युत्तर वर्गाला ‘संगीत, श्रम आणि लिंगभाव’ अशी एक प्रश्नपत्रिका, आणि तीत रेगे, पाईक, काळे, रानडे ह्यांचे वाचन. घराण्याच्या इतिहासात आया, पत्नी, विद्यार्थिनी आणि साथीदार ह्यांची नोंद. माळेगावची यात्रा आणि माहूरच्या रेणुकेचा परिसर येथे क्षेत्रकार्य. पण गाणारीला तिच्या वेळेचे मानधन देऊन, तिची परवानगी घेऊन आणि ध्वनिमुद्रणाची प्रत तिच्या हाती ठेवून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची जी योजना आणली तीत व्यवसायातल्या अनुभवी व्यक्तीला पदवीची अट नाही. ती योजना निवृत्त अधिकारी आणि उद्योगपती ह्यांच्याचसाठी आहे असे कोठेही लिहिलेले नाही. तीस वर्षे फडात गायलेली बाई संगीताच्या वर्गात ह्या नियमाने बसू शकते. ती आल्यावर तिला खुर्ची द्यायची की सतरंजी, ह्यावरून विभागात जो वाद होईल तो त्या वर्षातला सर्वांत चांगला परिसंवाद ठरेल.

प्राध्यापकांच्या परिषदांनीही आपल्या अधिवेशनाचे कार्यक्रम एकदा समोर घेऊन पाहावेत. सरस्वतीवंदना विद्यार्थिनींनी म्हणायची, तानपुऱ्यावर विद्यार्थिनींनी बसायचे, पाहुण्यांना औक्षण विद्यार्थिनींनी करायचे आणि अध्यक्षीय समारोप एखाद्या बुवांनी करायचा, ही कामाची वाटणी कोणत्या ग्रंथात सांगितली आहे ते कळत नाही. शार्ङ्गदेवाने तरी ती सांगितलेली नाही.

अभ्यास मंडळे ठरावीक मुदतीने नव्याने बनतात आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने श्रेयांकांची जुळवाजुळव सध्या चालूच आहे. त्या जुळवाजुळवीत दोन श्रेयांकांची जागा काढणे कठीण नाही. ह्याहून निरुपयोगी विषयांना चार-चार मिळालेले आहेत. क्षेत्रकार्याला खर्च फार येईल अशी भीती कोणी व्यक्त केली तर त्याला एवढेच सांगता येईल की माळेगावला नांदेड आणि लातूर ह्या दोन्ही गावांहून एस. टी. जाते, यात्रा ऐन थंडीत भरते, आणि लावणी महोत्सवाचा मांडव जिल्हा परिषदेने आधीच घातलेला असतो.